रिपोर्टवर डेंग्यू पॉझिटिव्ह, लघवीत निघाला झिका : नाशिकच्या एका गरोदर पेशंटचं प्रकरण

पेशंट २७ वर्षांची, पहिलंच गरोदरपण, १३ आठवडे झालेले. घर पाथर्डी फाट्याच्या बाजूला, नवरा अंबड एमआयडीसीत कामाला, सासूबाई सोबत राहतात. ओळख पटू नये म्हणून किरकोळ गोष्टी बदलल्यात. मी मायक्रोबायोलॉजीवाला, म्हणजे पेशंट सहसा मला दिसत नाही, मला दिसते ती नळी आणि तिच्यासोबतचा फॉर्म, आणि तो फॉर्म अर्धा रिकामा असतो हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. या केसमध्ये मात्र सगळं गाडं त्या रिकाम्या जागांवरच अडलं होतं म्हणून लिहितोय.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये गौरी-गणपतीला ही मंडळी पुण्याला नणंदेकडे गेली होती, तीन दिवस राहून परत आली. आठवडाभराने पेशंटला कणकण वाटायला लागली. ताप १०० च्या आसपास, जास्तीत जास्त १००.४. अंग दुखत होतं पण झोपून राहावं असं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली, गरोदर आहे म्हणून बाकी काही दिलं नाही, ते बरंच केलं (आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत कुणालाच द्यायच्या नसतात, गरोदर बाईला तर नकोच). तिसऱ्या दिवशी सकाळी तोंडावर, छातीवर, मग हातांवर लालसर पुरळ आलं, खाज सुटली, डोळे लाल झाले. घाण येत नव्हती, चिकटतही नव्हते, नुसते लाल. सासूबाई म्हणाल्या गोवर आलाय, कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घाल. नवरा म्हणाला डोळे आलेत, ऑफिसात दोघातिघांचे आलेत. दोघांनीही जे दिसलं तेच सांगितलं, फक्त दोन वेगवेगळे आजार धरून सांगितलं.

त्याच दिवशी एका फिजिशियनकडे नेलं. पावसाळ्याचा शेवट, नाशिक, ताप आणि पुरळ, म्हणजे डेंग्यूच, असं कुणालाही वाटेल आणि दहातल्या नऊ वेळा ते चूकही ठरणार नाही. सीबीसी केलं आणि डेंग्यूचं कार्ड (झटपट टेस्टची पट्टी) लावलं. प्लेटलेट २ लाख १० हजार, पांढऱ्या पेशी ५,८००. कार्डावर एनएस-१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) निगेटिव्ह, आयजीएमची (ताज्या संसर्गात येणारी अँटीबॉडी) रेघ पुसट, आयजीजीची (नंतर येऊन वर्षानुवर्षं राहणारी अँटीबॉडी) रेघ ठसठशीत. लॅबने छापून दिलं, डेंग्यू पॉझिटिव्ह. घरच्यांना भीती वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं, कारण डेंग्यू म्हणजे प्लेटलेट आणि प्लेटलेट तर भरपूर आहेत, मग काय! पपईच्या पानांचा रस सुरू झाला तो वेगळाच. (गरोदर बाईला कच्च्या पपईचं काही देऊ नये म्हणणारी सासूच तो रस गाळून देत होती, व्हॉट्सॲपची ताकद.)

पाचव्या दिवशी नेहमीची तपासणी होती म्हणून ती गायनॅक मॅडमकडे गेली. ताप उतरलेला, पुरळ ओसरत आलेलं. मॅडमनी रिपोर्ट बघितला, डोळे बघितले आणि एकच प्रश्न विचारला जो तोपर्यंत कुणी विचारला नव्हता : "मधे कुठे बाहेरगावी गेली होतीस का गं?" पुणे म्हटल्यावर त्यांनी मला फोन लावला. त्या वर्षी जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यात झिकाचे (डेंग्यूच्याच एडिस डासातून पसरणारा विषाणू, गरोदरपणात झाला तर बाळाच्या मेंदूला धोका) पेशंट सापडले होते, पुढच्या महिन्यांत शहरातला आकडा शंभराच्या वर गेला आणि त्यात गरोदर बायका बऱ्याच होत्या, कारण मुद्दाम त्यांचीच तपासणी चालली होती. जुलैच्या सुरुवातीला केंद्राने राज्यांना सूचनाही काढली होती, गरोदर बायकांवर लक्ष ठेवा म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, आयजीएम पॉझिटिव्ह आलंय, डेंग्यू म्हणून सोडून देऊ की टॉर्च पाठवू?" (टॉर्च म्हणजे रुबेलासारख्या, पोटातल्या बाळाला त्रास देणाऱ्या संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा गठ्ठा.) मी म्हटलं आधी कार्डाचा फोटो पाठवा. फोटोत ती आयजीएमची रेघ, खरं सांगायचं तर, शोधावी लागत होती.

आता इथे जरा थांबतो, कारण केसचा गाभा हाच आहे. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल, पीतज्वर, हे सगळे फ्लेविव्हायरस, एका कुळातली भावंडं. यांच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन एकमेकांशी इतकं मिळतंजुळतं असतं की एकाविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टवर चिकटते. त्यामुळे झिका झालेल्या माणसाचं रक्त डेंग्यूच्या आयजीएम कार्डावर टाकलं तर रेघ उमटू शकते, आणि उलटंही होतं. चिकुनगुनिया या भानगडीत नाही, तो अल्फाव्हायरस, कुळच वेगळं.

पण नुसतं "क्रॉस रिॲक्शन असेल" म्हणून डेंग्यू उडवून लावणं हाही आळशीपणाच. हाच रिपोर्ट डेंग्यूतही बसतो, आणि चांगला बसतो. आयजीजी तिसऱ्याच दिवशी ठसठशीत म्हणजे ती आधीची आहे. विचारल्यावर कळलं की कॉलेजात असताना तिला डेंग्यू होऊन गेलाय, सलाईन लागलं होतं. दुसऱ्यांदा डेंग्यू होतो तेव्हा आयजीएम कमीच वाढते, एनएस-१ लवकर गायब होतो, आयजीजी उसळते. म्हणजे दुसऱ्या वेळच्या डेंग्यूचं कार्ड अगदी असंच दिसू शकतं! उलट पहिल्यांदा डेंग्यू झालेल्याची आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसानंतर यायला लागते, तिसऱ्या दिवशी सहसा नाही. म्हणजे त्या पुसट रेघेचे तीन अर्थ, दुसरा डेंग्यू, कुळातला दुसरा कुणी, किंवा निव्वळ कार्डाचा खोटेपणा. सरकारी कार्यक्रमातही निदान एलायझावर (लॅबमध्ये मोजून होणारी टेस्ट) धरतात, कार्डावर नाही, ते उगाच नाही.

मग तराजू कुठे झुकतो? ताप कधीच चढला नाही. पुरळाला खाज आणि ते तिसऱ्याच दिवशी, डेंग्यूत बऱ्याचदा ताप उतरता उतरता येतं. डोळे लाल पण घाण नाही. हाताच्या बोटांचे सांधे थोडे आखडलेले. प्लेटलेट शाबूत. यातली एकही गोष्ट एकटीने डेंग्यूला बाद करत नाही, पांढऱ्या पेशींवर (डेंग्यूत त्या कमी होतात) तर मी अजिबात विसंबलो नाही कारण गरोदरपणात त्या मुळातच वाढलेल्या असतात, ५,८०० हा आकडा साध्या माणसात नॉर्मल पण तिच्यात कदाचित खाली आलेला. सगळं मिळून मात्र संशय घ्यायला पुरेसं होतं, आणि त्यावर पुण्याचा मुक्काम. झिकाचा डास चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते १४ दिवस जातात, तारखा जुळत होत्या.

टॉर्चबद्दल मॅडमना म्हटलं, सरसकट आयजीएमचं पॅनेल नको, त्यात एखादं काहीतरी खोटं पॉझिटिव्ह येतं आणि मग महिनाभर त्याच्याच मागे फिरा. रुबेलाची आयजीजी तिच्या पहिल्या भेटीच्या फाईलमध्ये होती, पॉझिटिव्ह, ताप यायच्या कितीतरी आधीची, म्हणजे तिला आधीच संरक्षण होतं, रुबेला बाजूला. पार्व्होव्हायरससाठी (तोही पुरळ आणतो आणि पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकतो) थोडं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, राखून ठेवलं, ते नंतर निगेटिव्ह आलं.

आता सॅम्पल. रोज विचारलं जातं की झिकाची टेस्ट कोणती, पण त्याआधी विचारायला हवं की आज आजाराचा कितवा दिवस. रक्तात झिकाचा आरएनए (विषाणूचा जनुकीय धागा, पीसीआर टेस्ट तोच शोधते) साधारण पहिला आठवडा सापडतो, आणि त्यातही पहिले चार-पाच दिवस खात्रीचे, नंतर तो मिळेल न मिळेल. लघवीत तो जास्त टिकतो, दोन आठवड्यांपर्यंत. २०१३-१४ मध्ये पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियात आणि शेजारच्या बेटांवर साथ आली तेव्हाच्या पेशंटांवरून हे लक्षात आलं. आयजीएम पहिल्या आठवड्याच्या शेवटाला यायला लागते आणि साधारण तीन महिने राहते, कधी त्याहून जास्त, पण वर म्हटलं तसं तिच्यावर एकटीवर भरवसा नाही. गरोदर बायकांत रक्तातला आरएनए कधी कधी आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, त्यामुळे त्यांचं रक्त पाठवायचंच, पण लघवीशिवाय पाठवायचं नाही.

आमच्या पेशंटचा तो पाचवा दिवस, सॅम्पल घेईपर्यंत सहावा उजाडला. साधं लाल झाकणाचं रक्त, सीरम वेगळं काढून, आणि निर्जंतुक डबीत लघवी, दोन्ही सीलबंद, तिहेरी पॅकिंगमध्ये, ४ अंशांच्या आसपास राहील असं. लघवीची डबी गळकी निघाली की पूर्ण खोका फुकट जातो, म्हणून झाकणाला पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी). सॅम्पल मनपाच्या आरोग्य विभागाला कळवून सरकारी वाटेने पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्था) गेलं. काही खाजगी लॅबही तापाचं पीसीआर पॅनेल करतात, पण त्यात झिका असतो किंवा नसतो, नाव मोठं असलं तरी यादी वाचूनच पैसे भरा, आणि लघवी घेतात का ते विचारा.

फॉर्म मी स्वतः बसून भरला. ताप सुरू झाल्याची तारीख, पुरळ आल्याची तारीख, शेवटच्या पाळीची तारीख, प्रवास, आधीचा डेंग्यू, जपानी मेंदूज्वराची किंवा पीतज्वराची लस घेतलीय का (लशीनेही अँटीबॉडीच्या टेस्टा फसतात). शेवटी सॅम्पल कितव्या दिवसाचं ते मोठ्या अक्षरात. तिथे बसलेल्या माणसाला रिपोर्टचा अर्थ लावायचा असतो, त्याच्याकडे पेशंट नसतो.

तोवर मॅडमनी घरच्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, दिवसाही मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण एडिस दिवसा चावतो आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात हिला चावलेला डास पुढे पाथर्डी फाट्यावरच्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊन बसेल. दुसरी, नवरा-बायकोंनी संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा, कारण झिका वीर्यातून पसरतो. हे सासूबाईंसमोर बोलता येत नाही, म्हणून सासूबाईंना वजनकाट्याची नोंद करायला बाहेर पाठवलं आणि दोन मिनिटांत सांगून मोकळ्या झाल्या. असं आडून सांगायचं कसब आमच्याकडे नसतं, ते गायनॅकवाल्यांकडूनच शिकावं.

रिपोर्ट आला. सीरममध्ये डेंग्यू पीसीआर निगेटिव्ह, चिकुनगुनिया निगेटिव्ह, झिका निगेटिव्ह. लघवीत झिका पॉझिटिव्ह.

म्हणजे नुसतं रक्त गेलं असतं तर "झिका नाही" असा रिपोर्ट येऊन फाईल बंद झाली असती, आणि तो रिपोर्ट चुकीचाही नसता, सहाव्या दिवसाच्या त्या रक्तात आरएनए नव्हताच. आणि समजा ती तीन आठवड्यांनी आली असती तर? पीसीआरला काही मिळालं नसतं, आयजीएम डेंग्यूवर आणि झिकावर दोन्हीकडे उमटली असती. मग शेवटचा उपाय पीआरएनटी. त्यात पेशंटचं सीरम जिवंत विषाणूसोबत पेशींवर टाकून बघतात की किती पातळ केलं तरी ते विषाणूला अडवतं. जिवंत विषाणू हाताळायचा म्हणजे मोजक्याच लॅब, वेळही जातो, आणि ज्याला आधी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्यात ही टेस्टसुद्धा दोन्हीकडे सारखीच उंच येऊ शकते. रिपोर्ट येतो "अलीकडचा फ्लेविव्हायरस संसर्ग, नक्की कोणता सांगता येत नाही". १३ आठवड्यांच्या बाईला हे वाक्य घेऊन काय करायचं?

हा गोंधळ आजचा नाही. झिका सापडला १९४७ मध्ये युगांडातल्या झिका जंगलात, पीतज्वराच्या अभ्यासासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या माकडात. पुण्याची आजची एनआयव्ही १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली आणि त्याच सुमाराला भारतातल्या लोकांची सीरम तपासली तर काहींत झिकाला अडवणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या, १९५४ मध्ये ते छापूनही आलं. त्या खरंच झिकाच्या होत्या की डेंग्यूच्या किंवा आणखी कुणाच्या, यावर आजही शंका घेतली जाते. विषाणू स्वतः आपल्याकडे पक्का हाती लागायला २०१६-१७ उजाडलं, अहमदाबादला. नंतर २०१८ ला जयपूर, २०२१ ला केरळ, आणि त्याच जुलैच्या शेवटी महाराष्ट्रातली पहिली केस पुरंदर तालुक्यात बेलसरला. ती पण बघण्यासारखी आहे, गावात तापाची साथ, सॅम्पलांत चिकुनगुनिया निघत होता, आणि त्यातच एका पन्नाशीच्या बाईंत चिकुनगुनियासोबत झिकाही. एक निदान मिळालं म्हणून दुसरं शोधायचं नाही असं ठरवलं असतं तर तेव्हाही तो सुटलाच असता. नाशिक जिल्ह्याला एडिस नवा नाही, २००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मालेगावात चिकुनगुनियाने जे लोक वाकले होते ते अजून आठवणारे डॉक्टर आहेत.

रिपोर्टनंतरचं काम आमचं कमी, मॅडमचं जास्त. सासूबाईंचा पहिला प्रश्न "मग खाली करायचं का?" त्यांना सांगितलं की गरोदरपणात झिका झालेल्या बायकांच्या बाळांपैकी साधारण ५ ते १५ टक्के बाळांमध्ये त्रास दिसतो असं डब्ल्यूएचओ सांगते, पहिल्या तिमाहीत धोका जास्त, आणि ही तिमाहीच्या काठावर. म्हणजे बहुतेक बाळं ठीक असतात, पण हिचं कोणत्या बाजूला हे आज सांगता येत नाही. काही निघालंच तर कायद्यात वेळ आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तर त्यानंतरही मेडिकल बोर्डाकडून. घाई नको.

गर्भजल तपासायचं का यावर बरीच चर्चा झाली. निगेटिव्ह आलं तर बाळाला संसर्ग नाही याची खात्री नाही, पॉझिटिव्ह आलं तर बाळाला इजा झालीय का ते कळत नाही, आणि सुई टोचण्याची थोडी जोखीम. दोघांनी नको म्हटलं. माझंही मत तेच होतं पण मला कुणी विचारलं नव्हतं.

मग दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी. नुसता डोक्याचा घेर नाही, मेंदूत चुन्याचे ठिपके, मेंदूतल्या पोकळ्या फुगल्यात का, हातपाय आखडलेत का, हेही. २० आठवड्यांचं स्कॅन चांगलं आलं तेव्हा घरात पेढे वाटले गेले आणि मॅडमनी ते तोंडात टाकून मग सांगितलं की डोकं लहान राहणं बऱ्याचदा नंतर दिसतं, अजून तीन स्कॅन बाकी आहेत.

दरम्यान मनपाच्या मलेरिया विभागाची माणसं येऊन गेली. त्या भागात पाणी ठरलेल्या वेळेला येतं म्हणून प्रत्येक घरात ड्रम, जिन्याखाली टाकी, गच्चीवर उघडी बादली. शेजारच्या बिल्डिंगीतल्या एका ड्रममध्ये आणि यांच्याच फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या सापडल्या. हे लोक धूर सोडतात तेव्हा सगळे खूश असतात आणि ड्रम उलटा करायला सांगितला की भांडतात. एडिसची अंडी कोरड्या ड्रमच्या काठावर महिनोन्‌महिने चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, काठ घासायला लागतो. आसपासच्या गरोदर बायकांची सॅम्पलं घेतली, सगळी निगेटिव्ह. नवऱ्याचंही घेतलं, निगेटिव्ह, पण त्याला काही लक्षणच नव्हतं आणि झिका झालेल्या पाचांपैकी चौघांना लक्षणं दिसतच नाहीत, तेव्हा उशिरा घेतलेल्या त्या निगेटिव्हचं वजन फारसं नाही. त्यामुळे निरोधाचा सल्ला बाळंतपण होईपर्यंत तसाच ठेवला. सोसायटीच्या ग्रुपवर "आपल्या बिल्डिंगमध्ये झिका" म्हणून जे काय चाललं ते इथे लिहीत नाही.

मार्चच्या शेवटी नॉर्मल डिलिव्हरी झाली. मुलगी, २ किलो ८००, डोक्याचा घेर ३३.५ सेंटिमीटर, दिवसांच्या मानाने व्यवस्थित. डोक्याची सोनोग्राफी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, कानाची टेस्ट, सगळं झालं, ठीक निघालं. नाळेचं आणि बाळाचं सॅम्पल गेलं, दोन्ही निगेटिव्ह. अंगावर पाजायचं का असं पाच जणांनी विचारलं, पाजायचंच, झिकासाठी दूध बंद करायचं कारण नाही. जन्मताना सगळं नॉर्मल असलेल्या काही बाळांतही त्रास पुढे दिसल्याचं ब्राझीलच्या २०१५-१६ च्या साथीनंतर कळलंय, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी घेर, नजर, ऐकणं आणि मान धरणं-बसणं यांचं वेळापत्रक लावून दिलंय.

मॅडमनी आता तापाच्या प्रत्येक गरोदर पेशंटच्या चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात "दिवस अमुक" लिहायला सुरुवात केलीय आणि सोबत लघवीची डबी आपोआप येते. कधी दोन दिवसांच्या साध्या सर्दीलाही येते, ती आम्ही परत पाठवतो.

आणि पुण्याच्या नणंदेचा फोन आला होता, बाळाचं ऐकून नाही, स्वतःचं विचारायला. त्यांना चान्स घ्यायचाय, नवऱ्याला त्याच गणपतीत अंगावर पुरळ येऊन गेलं होतं, तपासलं कुणीच नव्हतं. पुरुषाला लक्षणं दिसल्यापासून तीन महिने सांभाळायचं असतं, बाईला दोन. त्यांचे तीन महिने कधीच उलटून गेले होते, आता टेस्ट करून काही हाती लागणार नाही आणि थांबायचंही कारण नाही, एवढं सांगितलं आणि घरातले ड्रम घासायला लावले.